जूनमध्ये खताची गोणी बांधूनच ठेवा

बागेविषयी वाचकांचे प्रश्न

मे महिन्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा ठरलेला असतो: पावसाआधी लॉनला काय घालू? यंदा मात्र काही वाचकांनी वेगळंच विचारलंय. घातलेलं जातं कुठे? मी आयुष्यभर कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवलं. खतापेक्षा मातीवर माझा जीव जास्त, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे गुलाबाच्या काड्या कधी लावायच्या वगैरे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून आज हीच पत्रं घेते.

प्रश्न: ताई, आमची सोसायटी बावधनला आहे आणि यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात आहे. मधोमध सुमारे १०,००० चौरस फुटांचं लॉन आहे. देखभालीचा कंत्राटदार दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात डीएपीची एक गोणी आणि युरियाची एक गोणी फेकतो. ‘पाऊस पडला की आपोआप मुरतं, वेगळं पाणी द्यायला नको,’ असं त्याचं म्हणणं. सभेत एका सभासदाने विचारलं, हे सगळं राम नदीत जात नाही का? कंत्राटदार म्हणतो, चेंबरला जातं, नदीचा काय संबंध? खरं कोणाचं धरायचं?

उत्तर: सभासदाचं.

तुमच्या आवारात दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. एक मैलापाण्याची. तिच्या चेंबरवर घट्ट झाकण असतं आणि ते पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जातं, निदान जायला हवं. दुसरी पावसाळी. तिच्या झाकणाला जाळी किंवा फटी असतात आणि ती सरळ नाल्यात सुटते. मध्ये ना टाकी, ना गाळणी. बावधनचं पावसाचं पाणी राम नदीला मिळतं, ती पाषाण तलावातून पुढे बाणेरकडे मुळेला जाते, मुळा संगमावर मुठेला भेटते, आणि मुळा-मुठा दौंडच्या बाजूला भीमेत शिरते. भीमेवर उजनी. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. तेव्हा कंत्राटदाराचं चेंबर म्हणजे नदीचंच तोंड आहे.

आता गोणीचा हिशेब मांडू, कारण सभेत आकडे लागतील. डीएपी म्हणजे १८:४६:०, अनुक्रमे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (ऑक्साइडच्या रूपात मोजलेला फॉस्फरस) आणि पालाश यांचे टक्के. ५० किलोंच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद, म्हणजे निव्वळ फॉस्फरस १० किलो. युरियात ४६ टक्के नत्र, ४५ किलोंच्या गोणीत जवळपास २१ किलो. दोन्ही मिळून ३० किलो नत्र तुमच्या ९३० चौरस मीटरवर पडतं, म्हणजे चौरस मीटरला ३२ ग्रॅम. हरळीच्या जातीच्या लॉनला एका खेपेला ५ ग्रॅमच्या आसपास पुष्कळ झालं. तुमचा माणूस सहा खेपांचं जेवण एका दिवशी वाढतो, आणि तेही ताट उलटं व्हायच्या आदल्या दिवशी.

जूनच का नको, याचं कारण मातीत आहे. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की त्यातले जीवाणू जागे होतात, साठलेले सेंद्रिय पदार्थ भराभर कुजवतात आणि नत्र मोकळं करतात. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात रस्त्याकडेचं गवत कुणी न विचारता हिरवंगार होतं ते याच फुकटच्या खतावर. वर्षभरात लॉनला बाहेरच्या नत्राची गरज सर्वांत कमी असते ती नेमकी तेव्हा, आणि आपण गोणी फोडतो तीही नेमकी तेव्हा.

त्यात पुण्याचा वळीव. एका तासात ३०-४० मिलिमीटर सहज कोसळतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. ४० मिलिमीटरचा एक पाऊस तुमच्या लॉनवर ३७,००० लिटर पाणी ओततो. काळी माती कोरडी असताना भेगांतून घटाघट पिते, पण फुगून भेगा मिटल्या की तासाला काही मिलिमीटरच आत घेते. मुलांनी खेळून आणि लग्नाचे मंडप घालून दाबलेली माती त्याहून कमी. उरलेलं पाणी पेव्हर ब्लॉकवरून जाळीकडे पळतं आणि वर पडलेले दाणे सोबत नेतं. तुमची माती किती पिते ते तपासायचं असेल, तर १५ किलोंच्या तेलाच्या डब्याचे दोन्ही तळ कापा, दोन बोटं जमिनीत ठोका, एकदा भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजा. उतरलं इंचभर, तर तुमचं नशीब चांगलं.

एक गोष्ट मला पत्रावरून कळली नाही. लॉन जमिनीवर आहे की पार्किंगच्या स्लॅबवर? नव्या सोसायट्यांत ते बहुतेक वेळा पोडियमवर असतं. फूट-दीड फूट माती, खाली स्लॅब, आणि स्लॅबचं पाणी काढणारे पाइप थेट पावसाळी वाहिनीत. तसं असेल तर पृष्ठभागावरून काही वाहिलं नाही तरी नायट्रेट निसटणारच. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार. माती त्याला धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर ते खाली उतरतं आणि तुमच्या पाइपातून बाहेर. पोडियमवरच्या लॉनला खत हातचं राखूनच द्यायचं, थोडं थोडं.

फॉस्फरसची तऱ्हा उलटी. तो मातीला चिकटतो आणि मातीच वाहिली तर तिच्याबरोबर जातो. गोड्या पाण्यात शेवाळाला बहुधा त्याचीच चणचण असते. म्हणून थोडाही पुरतो: १ किलो फॉस्फरसवर ५०० किलोंपर्यंत ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. तुमच्या १० किलोंतला दहावा हिस्सा नाल्यात गेला असं धरा आणि पाषाण तलावावरची जलपर्णी आठवा. बरं, ज्या लॉनला वर्षानुवर्षं डीएपी मिळालंय त्याच्या मातीत स्फुरदाचा साठा भरपूर असतो. माती परीक्षणात तो कमी निघाला, तरच स्फुरद द्या. एरवी डीएपी बंद. पूर्णपणे.

कंत्राटदार म्हणेल, मग लॉन पिवळं पडेल. पडेल, पण भुकेने नाही. पुण्याची माती चुनखडीची, सामू ८ च्या आसपास. अशा जमिनीत लोह असूनही गवताला ते घेता येत नाही आणि कोवळी पाती पिवळी पडतात. त्यावर युरिया ओतला की चार दिवस बरं दिसतं, आणि जास्तीच्या स्फुरदाने लोहाची टंचाई आणखी वाढते. फेरस सल्फेट ५ ग्रॅम एका लिटरला, सकाळी फवारा. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत. पाच-सहा दिवसांत रंग चढतो.

कंत्राटात असं लिहा: मुख्य खत ऑक्टोबरात, पाऊस परतल्यावर, आणि दुसरी खेप फेब्रुवारीत. चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्राहून जास्त नाही. म्हणजे तुमच्या अख्ख्या लॉनला युरिया १० किलो, गोणी नव्हे. दाणे टाकून लगेच हलकं पाणी. फरशीवर पडलेले दाणे झाडूने पुन्हा गवतात, पाइपच्या पाण्याने जाळीत नाहीत. कापलेलं गवत बारीक असेल तर लॉनवरच राहू द्या. त्यातून वर्षाच्या नत्राचा जवळपास चौथा हिस्सा परत मिळतो. आणि पुढे कधी फरशी उकराल तेव्हा लॉन फरशीपेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा. आपल्याकडे वास्तुरचनाकार हिरवळ उंचावर आणि रस्ता खाली असं का काढतात ते मला आजवर कळलेलं नाही. दिसायला ऐटबाज, पण प्रत्येक पाऊस बाहेर सांडतो.

सभेत कुणीतरी उठून म्हणेल, नदी काय आपल्या लॉनने घाण झाली? त्याचं बरोबर आहे. मुळा-मुठेची खरी दैना मैलापाण्याने केली आहे, लॉनचा वाटा त्यापुढे लहान. पण मैलापाण्याचा प्रश्न सोडवायला शुद्धीकरण केंद्रं लागतात, आणि हा प्रश्न सोडवायला खत विकत न घेणं पुरतं. वर तेवढे पैसेही वाचतात.

प्रश्न: नाशिकला गंगापूर रोडवर नवं घर बांधलं. पुढे छोटं लॉन करायचंय. दोन ब्रास लाल माती सांगून ठेवली आहे, मेअखेर येईल. ती गेटबाहेर रस्त्याकडेला उतरवून घेऊ का? आत ट्रक येत नाही.

उत्तर: आधी मला सांगा, मेअखेरच का? माती पुरवणारा पावसात देत नाही म्हणूनच ना?

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजनाला साडेतीन टनांच्या आसपास. दोन ब्रास म्हणजे सात टन भुसभुशीत माती, गटाराच्या काठावर, पावसाच्या तोंडावर. एका वळवात तिचा काही भाग पावसाळी वाहिनीत बसेल आणि तिथेच घट्ट होईल. मग जुलैत तुमच्याच गल्लीत गुडघाभर पाणी साचलं की सगळे महापालिकेला शिव्या देतील. जी माती वाहिनीत अडणार नाही ती गोदावरीत.

माती आताच हवी असेल तर ज्या दिवशी येईल त्या दिवशी आत घ्यायला माणसं ठरवा. रात्रभर राहणारच असेल तर प्लास्टिकची ताडपत्री टाकून कडेने विटा ठेवा, आणि उताराच्या बाजूला वाळू भरलेली पोती दोन थरांत रचा. पोत्यांच्या मागे गाळ साचतो, तो फावड्याने उचलून परत ढिगात. पसरल्यावर उघडी ठेवू नका. गवताच्या काड्या टोचून रुजायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढे दिवस ती माती पावसाच्या माऱ्यात उघडीच. म्हणून पूर्ण जागेला जमलं नाही तरी गेटाकडची आणि उताराकडची दोन फुटांची पट्टी तयार लॉनच्या चटयांनी झाका. बाकी काड्या लावा. मधल्या जागेवर भाताचा पेंढा पातळ पसरला तरी चालतो.

लाल मातीचाच हट्ट का, हा वेगळा प्रश्न आहे. नाशिकच्या काळ्या मातीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळली की हरळी उत्तम येते. पण नर्सरीवाला सांगणार नाही, कारण लाल माती तोच विकतो.

प्रश्न: आमच्या गल्लीत (प्रभात रोड, पुणे) जुनी झाडं खूप. झाडणाऱ्या बाई पाचोळा गोळा करतात आणि चक्क जाळीतून चेंबरमध्ये लोटतात. झाडाचीच पानं, कुजून जातील, त्याने काय बिघडतं?

उत्तर: कुजतात म्हणूनच बिघडतं. ओल्या पाचोळ्यातून फॉस्फरस पाण्यात असा उतरतो जसा चहाच्या पत्तीतून रंग. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात पानगळीच्या दिवसांत पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलून पाहिली. पावसाच्या वाहत्या पाण्यातला फॉस्फरस ८० टक्क्यांहून जास्त घटला. तिथली पानगळ आणि आपली पानगळ वेगळी, आपल्या वर्षावृक्षांची बारीक पानं तर वर्षभर गळत असतात. पण पान ते पान.

झाडणाऱ्या बाईंवर ओरडू नका. त्यांना पाचोळा टाकायला जागा कुणी दिलीय? २०१६ च्या घनकचरा नियमांत बागेचा कचरा आवारातच वेगळा ठेवावा आणि गटारात टाकू नये, असं स्पष्ट होतं, आणि ती जबाबदारी कचरा करणाऱ्याची, झाडणाऱ्याची नव्हे. गल्लीतल्या कुणा एका बंगल्यात जाळीचा गोल उभा करा, तीन फूट व्यासाचा. पाचोळा त्यात, मधूनमधून शेणकाला शिंपडा. दिवाळीपर्यंत खत होतं. जाळायचं तर मुळीच नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न: बाई, आमचं घर फोंड्याजवळ उतारावर आहे. सापांची भीती म्हणून मृगाआधी गडी आवारभर गवत मारायचं औषध फवारतो. खाली व्हाळ (ओढा) आहे. दोन वर्षं पाहते, पहिल्या पावसात आवारातून तांबडी धार वाहते, पूर्वी वाहत नव्हती. औषधाचा आणि त्याचा संबंध आहे का?

उत्तर: आहे, आणि तुम्ही तो स्वतःच नीट पाहिलात.

हे औषध बहुधा ग्लायफोसेट. ते पानांतून मुळांपर्यंत जातं, गवत मुळासकट मरतं. उतारावरची माती धरून ठेवणारी जाळी म्हणजे ती मुळंच. ती मेल्यावर गोव्याचा ३,००० मिलिमीटर पाऊस जांभ्यावरची विटकरी माती खरवडून नेतो. ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटतं. त्याचा गुण म्हणून सांगितलं जातं ते हे, की पाण्यात विरघळून जात नाही. पण मातीच जाते तेव्हा ते तिच्यासोबत व्हाळात जातं. शिवाय अशा अनेक औषधांत पानाला चिकटायला साबणासारखं एक द्रव्य घालतात, ते बेडकांच्या पिल्लांना मूळ औषधापेक्षा घातक ठरतं. मृगात तुमच्या व्हाळात नेमकी बेडकांचीच गर्दी असते.

आणखी एक. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रणाच्या परवानाधारक व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. तुमच्या गड्याने पाठीवर पंप घेऊन ते फवारणं त्यात बसत नाही.

सापांचं म्हणाल तर भीती खरी आहे, हसण्यावारी नेत नाही. पण सगळं आवार ओसाड करायची गरज नाही. घराभोवती चार-पाच फूट आणि गेटापर्यंतची वाट स्वच्छ ठेवा, तिथे यंत्राने गवत अगदी बुडापाशी कापा. बाकी उतारावर चार बोटं उंच राखून कापा, पावसाळ्यात तीन-चार वेळा. त्या उंचीच्या गवतात साप दिसतो. साप येतो तो उंदरांमागे, आणि उंदीर राहतात लाकडांच्या ढिगात, चिऱ्यांच्या राशीत, भिंतीला टेकवलेल्या जुन्या पत्र्यांमागे. आधी ते हलवा.

धार थांबवायला उताराला आडव्या ओळी घाला. वाळा सर्वांत चांगला, त्याची मुळं सरळ खोल जातात आणि कड धरतात. गवती चहाही चालेल, घरात उपयोगी पडतो. दोन ओळींमध्ये उथळ चर खणून त्यात नारळाची सोडणं पालथी दाबा. माडांच्या आळ्यात ती पुरतातच ना, तसंच. पाणी अडतं, गाळ तिथेच बसतो. पहिल्या वर्षी धार थोडी येईलच. वाळ्याला दुसरा पावसाळा मिळाला की फरक दिसतो.

प्रश्न: मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, आई पुण्याहून तुमचं सदर पाठवते. इथे पावसाळा असा वेगळा नाही, बारा महिने पडतो. लॉनसेवा देणारे वर्षाला चार-पाच खेपांचं पॅकेज गळ्यात मारतात. शेजारी सगळे घेतात. मी नाही घेतलं तर माझंच लॉन ओळीत फिकट दिसेल. काय करू?

उत्तर: आईंना नमस्कार सांगा.

तुमच्या राज्यात या बाबतीत कायदा आपल्यापेक्षा कैक पावलं पुढे आहे. तो २०११ सालचा. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकाने लॉनला खत घालायचं नाही. माती परीक्षणात कमी निघाल्याशिवाय किंवा नवं लॉन लावत असल्याशिवाय फॉस्फरस नाही. जोराचा पाऊस पडत असताना किंवा येणार असताना खत नाही. फरशीवर, रस्त्यावर पडलेलं झाडून परत गवतात. आणि घरमालकाला एका खेपेला १,००० चौरस फुटांना जास्तीत जास्त ०.९ पौंड नत्र, म्हणजे चौरस मीटरला साडेचार ग्रॅमच्या आत. वर बावधनचे ३२ ग्रॅम वाचलेत ना?

असा कायदा का लागतो, ते नंतरही दिसलं. तुमच्या राज्यातल्या सर्वांत मोठ्या, हॉपटकाँग तलावात २०१९ च्या उन्हाळ्यात विषारी निळं-हिरवं शेवाळ माजलं आणि ऐन सुट्टीत पाण्यात उतरायला बंदी आली. त्यामागे सांडपाण्याच्या टाक्या होत्या, तापलेलं पाणी होतं, आणि पावसाबरोबर वाहून आलेला फॉस्फरसही होता. तुमच्या गल्लीतली जाळी बहुधा रॅरिटन नदीकडे जाते.

तुमच्याकडचं थंड हवामानातलं गवत आमच्या हरळीसारखं उन्हाळी नाही. त्याची भूक सप्टेंबर-ऑक्टोबरात. एकच खेप द्यायची तर तेव्हा द्या, आणि पुष्कळदा एकच पुरते. उन्हाळ्यात तीन इंचांहून खाली कापू नका. पॅकेजमधल्या वसंत ऋतूतल्या खेपा मुख्यतः शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी असतात. ऑक्टोबरात मेपलची पानं यंत्राने रस्त्यावर उडवायची जी पद्धत आहे, ती मात्र सोडा. त्यावरून यंत्र फिरवा, बारीक होऊन गवतातच बसतात.

फिकट दिसेल म्हणता. दिसू द्या की.

प्रश्न: सोसायटीत कुत्री आठ-दहा. लॉनवर घाण करतात, पावसात धुऊन जाते म्हणून कुणी उचलत नाही. (वाकड)

उत्तर: धुऊन जाते ती जंतूंसह नाल्यात. ती खत नव्हे, शेणाची आणि तिची तुलना करू नका. मालकाने कागदात उचलून स्वतःच्या संडासात टाकायची, कागद वेगळा. सूचनाफलकापेक्षा दंड चांगला चालतो असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: आमच्याकडे (वाकडच, पण दुसरी सोसायटी) एसटीपीचं (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी बागेला वापरतात. तुषार सिंचन पहाटे लावतात. फरशीवरही पाणी वाहतं. शुद्ध केलेलंच पाणी आहे, तेव्हा वाहिलं तर हरकत नाही ना?

उत्तर: शुद्ध केलेलं म्हणजे दुर्गंधी आणि गाळ गेलेलं. नत्र आणि स्फुरद त्यात उरतातच. समजा लिटरला १० मिलिग्रॅम नत्र आहे. उन्हाळ्यात लॉनला रोज चौरस मीटरला साडेचार लिटर पाणी लागतं. शंभर दिवसांत ४५० लिटर, म्हणजे साडेचार ग्रॅम नत्र. एक पूर्ण खेप झाली, गोणी न उघडता! एसटीपी चालवणाऱ्याकडून तपासणीचा अहवाल मागून घ्या, खरा आकडा कळेल, आणि तेवढं खत वजा करा.

फरशीवर वाहू देऊ नका. नोझल वळवून घ्या, एक लांब फवारा मारण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांचे दोन द्या, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. पावसाळ्यात तुषार बंद करणं हे सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं, पण भर पावसात फिरणारे तुषार मी हिंजवडीच्या वाटेवर पाहिले आहेत. वेळ लावून ठेवलेली असते, बंद करायला कुणाला आठवत नाही.

प्रश्न: म्याडम, मी साताऱ्यात माळीकाम करतो, सात-आठ बंगले आहेत. लॉनला हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली की मालक क्लोरपायरीफॉस मारायला सांगतात. मारून झाल्यावर पंप कुठे धुवायचा? आतापर्यंत गेटाबाहेर गटारावर धुवायचो. (हा प्रश्न फोनवर बोलून पाठवला होता, तो लिहून घेतला आहे.)

उत्तर: दादा, पंप गटारावर नको. क्लोरपायरीफॉस माशांना फार थोड्या मात्रेतही मारतं. औषध मोजूनच कालवा, उरूच नये इतकं. पंप रिकामा झाला की त्यात दोन-तीन लिटर पाणी घेऊन हलवा आणि ते पाणी ज्या लॉनवर मारलं त्याच लॉनवर मारून टाका. असं तीनदा. बाटलीही तशीच तीनदा विसळून ते पाणी पंपातच घ्या. बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी तेला-पाण्याला नेणार नाही. पावसाचे ढग असतील त्या दिवशी फवारायचं नाही, मालक किती का म्हणेना. त्यांना म्हणावं, तुमचंच औषध वाया जाईल. हे त्यांना पटतं.

बाटलीवरचा त्रिकोण बघत जा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा रंग माणसाला किती विषारी ते सांगतो, माशाचं त्यात काही नाही. म्हणून हिरवा बघून गटारात ओतायचं नाही. हातमोजे आणि नाकाला फडकं मालकाकडून मागून घ्या, तुमचा हक्क आहे.

आणि हुमणीला औषधाच्या आधी भुंगेऱ्यात गाठा. पहिला वळीव पडला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. अंधार पडल्यावर खाली कापड पसरून फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या बादलीत. शेतकरी रॉकेल मिसळतात, बंगल्यात रॉकेल नको, ते पाणी पुन्हा ओतायचं कुठे हा प्रश्न येतो. एका मादीची अंडी टळली तरी पुढच्या अळ्या टळल्या. शेजारच्या बंगल्याच्या कडुनिंबावरचेही पाडा, नाहीतर तेच तुमच्या लॉनमध्ये येऊन अंडी घालतील. जूनअखेर मेटारायझियम बुरशीची भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या लॉनवर पसरा. ती अळीला रोग लावते. कृषी सेवा केंद्रात मिळते. घेताना तारीख बघा, ही बुरशी जिवंत असते, जुना पुडा मेलेला निघतो. आणि तो पुडा उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.